‘कसंतरी होतंय’

पहिल्या सत्रात आम्हाला ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ हा विषय होता, ४० तासांचा. त्यात जोड्या करून संवाद बसवायचे. एकीनं नर्स व्हायचं, दुसरीनं पेशंट. माझी जोडीदार परभणीची. ती खुर्चीत पाय लांब करून बसायची, पोटावर हात ठेवायची आणि पाढे म्हटल्यासारखं म्हणायची, ‘आय हॅव थ्रॉबिंग पेन इन माय ॲब्डोमेन.’ कधीपासून, कुठं पसरतं, जेवल्यावर वाढतं का, असं मी विचारत जायचे आणि ती प्रत्येक प्रश्नाला एका वाक्यात, व्याकरणशुद्ध उत्तर द्यायची. इतका गुणी पेशंट मला त्यानंतर वर्षभरात भेटला नाही.

बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष संपून आता चार महिने झालेत. एकूण चार वर्षं, आठ सत्रं; भारतीय परिचर्या परिषदेचा २०२१-२२ पासून लागू झालेला अभ्यासक्रम; परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, मग दुसऱ्या सत्रात बायोकेमिस्ट्री आणि न्यूट्रिशन. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं फारसं नाही. पाठ केलं, लिहिलं, पास झाले. सांगायचंय ते वॉर्डातलं, आणि त्यातही एकच गोष्ट: पेशंट काय म्हणतोय ते कळणं. मी चिंचवडची. घरात मराठी, शाळा दहावीपर्यंत मराठी. कॉलेज मिळालं मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी. तिथं भाषेची अडचण येईल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

फिमेल मेडिसिन वॉर्डातला माझा तिसरा दिवस. हातात हिस्टरीचा फॉर्म. नाव, वय, गाव, व्यवसाय भरून झालं आणि ‘चीफ कम्प्लेंट’च्या रकान्याशी आले. खाटेवर सत्तरीच्या आजी, डायबेटिसच्या, पायाच्या जखमेसाठी भरती झालेल्या. पदर डोक्यावर, पाय पोटाशी.

‘काय होतंय आजी?’

‘कसंतरी व्हतंय माय.’

‘म्हणजे कसं?’

‘आता कसं म्हून सांगू? कसंतरीच.’

‘कुठं दुखतंय का?’

‘दुखत न्हाई काई.’

‘मळमळतंय? चक्कर? धाप?’ माझी यादी संपली. आजींनी प्रत्येक शब्दाला मान आडवी हलवली. ‘कसंतरी’ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. शेवटी मी पेन्सिलीनं लिहिलं, ‘नो स्पेसिफिक कम्प्लेंट’, आणि पुढच्या खाटेकडं निघाले.

तेवढ्यात औषधांची ट्रॉली घेऊन सिस्टर आल्या. त्यांनी काहीच विचारलं नाही. आजींकडं एकदा पाहिलं, ट्रॉली तिथंच सोडली आणि हाताची पालथी बाजू आजींच्या मानेला लावली. मग माझा हात धरून त्याच जागी टेकवला. मान ओली होती आणि गार. एप्रिलच्या उकाड्यात वॉर्डातल्या सगळ्यांनाच घाम होता, पण तो असा नव्हता. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५२.

‘आजी, सकाळी काय खाल्लं?’

आजी गप्प. मग लॉकरकडं बघत म्हणाल्या, ‘आज एकादशी हाय.’

लॉकरमध्ये वर्तमानपत्राखाली झाकलेली पोह्यांची ताटली. नातवासाठी ठेवलेली. नाश्त्याआधीचं इन्सुलिन मात्र नेमानं घेऊन झालेलं, कारण सुईनं काही उपास मोडत नाही. ड्यूटी रूमच्या चहाच्या डब्यातून मी साखर आणली. अर्ध्या पेल्यात चार चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं तेव्हा ९४. आजींना आता तरतरी आली होती आणि साखरेनं उपास मोडला का याची काळजी लागली होती. सिस्टर म्हणाल्या, ‘साखर चालते एकादशीला. केळंपण चालतं ना? मग आता केळं खायचं, माझ्यासमोर.’ आजींनी केळं खाल्लं.

मी त्या दिवशी घाबरून काही बोलले नाही. पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय, हा हिशेब हॉस्टेलवर रात्री केला. सिस्टर ओरडल्या नाहीत. फॉर्मवरचं माझं पेन्सिलीतलं वाक्य त्यांनी वाचलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, ‘डायबेटिसचं पेशंट कसंतरी म्हणालं की आधी शुगर. हार्टचं म्हणालं की बीपी बघ, डॉक्टरला हाक मार. म्हातारं माणूस म्हणालं की सगळंच बघ. आणि आधी हात लाव, मग विचार.’

या सिस्टर मूळच्या केरळच्या, कोट्टयमजवळच्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात दोन पिढ्या केरळच्या सिस्टर दिसतातच, आमच्याकडंही होत्या. या वॉर्डात त्यांची तेवीस वर्षं झाली होती. त्यांचं मराठी अजब. भाजीची नावं चुकायची, लिंग तर कायमच चुकायचं, पण दुखण्याच्या मराठीत त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं. उमासा, उबळ, उसण, ठणका, कणकण, कसर: शब्द अगदी नेमक्या जागी. चिंचवडच्या माझ्या घरात ‘पोटात पेन होतंय’ आणि ‘फीव्हर आल्यासारखं वाटतंय’ यापलीकडं कुणी जात नसे. फक्त आजी होती, ती म्हणायची, अंग आंबून गेलंय. आम्ही तिला हसायचो.

त्या संध्याकाळी मी नर्सिंग फाउंडेशनच्या वहीच्या मागच्या बाजूनं दुसरी वही सुरू केली.

*

त्याआधीचे अडीच महिने आम्ही वॉर्डात नव्हतोच, स्किल लॅबमध्ये होतो. तिथं पेशंट रबराचा. त्याचं डोकं काढता येतं, पोट उघडता येतं आणि तो तक्रार करत नाही. पहिलं जे शिकवलं ते अंथरूण घालणं. मला वाटलं, यात काय शिकायचं? पंधरा दिवस लागले.

चादर गादीच्या मध्यावर मधली घडी येईल अशी टाकायची. झटकायची नाही, कारण झटकल्यानं धूळ आणि जंतू उडतात, उलगडायची. डोक्याकडची बाजू गादीखाली, मग कोपरा. चादरीची कड गादीच्या टोकापासून काही अंतरावर उचलायची, गादीवर त्रिकोण टाकायचा, खाली लोंबणारा भाग आत खोचायचा, मग त्रिकोण खाली आणून तोही खोचायचा. ४५ अंशांचा कोपरा व्हायला हवा. ट्यूटर मॅडम येऊन चादरीवर तळहात फिरवायच्या आणि कुठंतरी एक सुरकुती सापडायचीच. सापडली की सगळं काढायचं, पुन्हा पहिल्यापासून. आमच्यातल्या एकीनं वैतागून विचारलं, ‘मॅडम, एवढ्याशा सुरकुतीनं काय होतं?’ मॅडमनी तिला स्वतःला त्या खाटेवर उताणं झोपवलं, माकडहाडाखाली पेनचं टोपण ठेवलं आणि लेक्चर चालू केलं. हलायचं नाही, अशी अट. वीस मिनिटांनी ती स्वतःच म्हणाली, ‘कळलं मॅडम.’

वॉर्डात गेल्यावर कळलं की रिकामी खाट घालणं हा त्यातला सोपा भाग. अर्धांगवायूच्या पेशंटखालची चादर बदलायची तर तो खाटेवर असतानाच बदलावी लागते. त्याला एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर त्याच्या पाठीशी गुंडाळत आणायची, नवी तिच्यालगत अर्धी गुंडाळून ठेवायची, मग त्या दोन वळकट्यांवरून त्याला पलीकडं वळवायचं आणि दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायची. दोघी लागतात. एकीचे हात पेशंटच्या खांद्यावर आणि कमरेवर, ते काढायचे नाहीत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चादरीकडं बघत बसले आणि वळवताना आधी सांगायचंच विसरले. त्या काकांना बोलता येत नव्हतं, पण त्यांच्या चांगल्या हातानं माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की संध्याकाळपर्यंत वळ राहिला. पडतोय असं वाटलं असणार. तेव्हापासून मी आधी सांगते: ‘काका, आता तुम्हाला माझ्याकडं वळवतेय.’ रबराच्या पेशंटला हे सांगावं लागत नाही.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हे पुस्तकात आहे. खाटेशी लावलेल्या कागदावर वेळ लिहायची, उजवी, डावी, उताणी. पण नातेवाईक म्हणतात, ‘आत्ता कुठं डोळा लागलाय, राहू द्या की ताई.’ हे पुस्तकात नाही.

श्वास मोजण्याची एक युक्ती मात्र पुस्तकातच आहे आणि मला ती फार आवडली. ‘तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तशीच ठेवायची, नजर घड्याळावर, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून छाती वरखाली होताना मोजायची. पूर्ण एक मिनिट. नर्सला शिकवलेली ही बहुधा पहिली लबाडी. नाडी अंगठ्यानं बघायची नाही, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते. आणि रक्तदाब मोजताना कानात जे ठोके सुरू होऊन नाहीसे होतात, ते निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरनं १९०५ मध्ये सांगितले. पहिला आठवडा मला कानात नुसती खरखर ऐकू यायची, आणि शेजारणीचा आकडा बघून मी दोन कमी लिहायचे. ही दुसरी लबाडी, ती कुणी शिकवली नव्हती. मॅडमनी कानात घालायच्या नळ्यांच्या दोन जोड्या असलेला स्टेथोस्कोप आणून एकाच वेळी स्वतः ऐकत माझी परीक्षा घेतली तेव्हा ती उघडी पडली.

*

वहीत पहिल्या पानावर ‘कसंतरी’ आहे. दुसऱ्यावर पोट.

पोटात ‘ठणका’ नसतो, हे मला वॉर्डानं शिकवलं. माझी परभणीची जोडीदार इंग्रजीच्या तासाला जो थ्रॉबिंग पेन सांगायची तो तिनं स्वतः मराठीत कधीच सांगितला नसता. ठणका गळवात, दाढेत, नखुरड्यात: जिथं पू कोंडलाय आणि प्रत्येक ठोक्याला दुखतं तिथं. पोटात कळ येते, म्हणजे लाट येते, चढते, उतरते. मुरडा येतो, म्हणजे आतडं पिळल्यासारखं होऊन संडासला पळावं लागतं, आणि गेल्यावर नुसतंच कुंथावं लागतं. पोट डब्ब होतं. पोटात आग पडते. पोटात गोळा येतो, पण तो बहुतेक वेळा भीतीचा. गोळे खरे येतात ते पोटऱ्यांना. यातल्या प्रत्येक शब्दाला डॉक्टरांच्या लेखी वेगळा अर्थ आहे, आणि आमच्या फॉर्मवर सगळ्यांची नोंद एकच: ‘ॲब्डॉमिनल पेन’.

छातीचं आणखी नाजूक. ‘श्वास घेतला की चमक निघते’ म्हणणारी बाई आणि ‘छातीवर धोंडा ठेवल्यागत’ म्हणणारे बाबा यांना मी पहिल्या महिन्यात एकाच ओळीत बसवलं असतं. ‘घशाशी येतं, जळजळतं’ हे तिसरं. वॉर्डातले सगळे डॉक्टर हे ओळखतात. पण डॉक्टर राउंडला येतात तेव्हा पेशंट धास्तावलेला असतो आणि नुसतं ‘दुखतंय’ म्हणतो. खरा शब्द तो आम्हाला सांगतो, अंग पुसताना, वेणी घालताना, पाठीला पावडर लावताना. तेव्हा ऐकलं नाही तर तो पुन्हा कुणाला सापडत नाही.

सगळ्यात उपयोगी पडलेली जोडी घेरी आणि अंधारी. फॉर्मवर दोन्हीला ‘गिडिनेस’ लिहायची पद्धत. मेल वॉर्डातल्या एका बाबांच्या कागदावर ते चार दिवस लिहिलं जात होतं. मी विचारलं, ‘बाबा, घर गरगरतं का?’ ‘गरगरत न्हाई. उठून हुबारलो की डोळ्याम्होरं अंधारी येती.’ सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांचा रक्तदाब झोपवून घेतला, मग उभं करून. झोपून वरचा आकडा १३८, उभं राहिल्यावर ११०. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते महत्त्वाचं, हे मला पाठ होतं. ते कुणासाठी वापरायचं हे माहीत नव्हतं. राउंडला ते आकडे सांगितले आणि बाबांच्या गोळीचा डोस बदलला. घेरी येणाऱ्याचं सगळं जग फिरतं. तो कानाचा वगैरे मामला असतो. भोवळ येणारा पडतो. मराठीनं हे तीन शब्द केव्हापासून वेगळे ठेवलेत, आणि आम्ही एकाच डब्यात भरतोय.

ग्रंथालयात वेदनेवरच्या प्रकरणात मला एक नाव सापडलं: रोनाल्ड मेलझॅक. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा मानसशास्त्रज्ञ. लोक दुखण्यासाठी जे शब्द वापरतात ते त्यानं गोळा केले, आणि १९७५ मध्ये त्यातून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ७८ शब्द, २० गटांत. ठोके पडणारं, भोसकणारं, कुरतडणारं, जाळणारं. पेशंटनं आपला शब्द निवडायचा. मला आनंद झाला आणि रागही आला. आनंद यासाठी, की माझी वही म्हणजे निव्वळ खूळ नव्हतं. राग यासाठी, की चाळीस तास इंग्रजी संवादाला देणाऱ्या आमच्या वेळापत्रकात, ज्या भाषेत पेशंट कण्हतो तिला एकही तास नाही. केरळच्या, राजस्थानच्या मुली आमच्या वर्गात होत्या. त्यांच्यासाठी नाही, आणि चिंचवडच्या माझ्यासाठीही नाही. सगळ्यांनी सिस्टरसारखं तेवीस वर्षांत शिकावं, असा बहुधा हिशेब आहे.

आमच्या पुस्तकात वेदना मोजायला सोपं साधन आहे: शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. ऑपरेशन झालेल्या एका शेतकरी बाबांना मी विचारलं, ‘दहापैकी किती दुखतंय?’ त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. ‘दुखतंय की.’ ‘हो, पण किती?’ थोडा विचार करून म्हणाले, ‘काल चौदा आणे व्हतं. आज सहा आणे आसंल.’

मी खुळ्यासारखी हसले, मग हॉस्टेलवरून वडिलांना फोन केला. रुपयाचे सोळा आणे. पीक किती आलं हेही पूर्वी आण्यांतच सांगत, म्हणून आणेवारी. आता सरकार पैसेवारी म्हणतं, आणि ती पन्नासच्या खाली गेली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. ज्या माणसानं आयुष्यभर उभ्या रानाकडं बघून ‘आठ आणे’ म्हटलंय, त्याला स्वतःच्या पोटाकडं बघून सहा आणे म्हणणं काय अवघड? भागाकार मी केला. कालचं नऊ, आजचं चार. चार्टवर तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी मी खाटेशी जाताच त्यांनी स्वतःहून सांगितलं, ‘दोन आणे. पर खोकलो की बारा.’ ‘खोकल्यावर वाढतं का’ हे मी विचारायला विसरले होते. मग उशी पोटाशी धरून खोकायला शिकवलं.

*

सगळ्यात फजिती शरीरधर्मांच्या शब्दांनी केली. पहिल्या आठवड्यात मी एका आजींना विचारलं, ‘शौचास झाली का?’ हे वाक्य माझ्या डोक्यात कुठून आलं असेल ते सांगते: भिंतीवर लावलेल्या सरकारी तक्त्यातून. आजींनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. त्यांना वाटलं, पोरगी शास्त्र बोलतेय. वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘आगं म्हातारे, परसाकडं झाली का म्हून इचारतीय.’ ‘हां, मंग तसं इचार की!’ पाळीचं तर विचारूच नका. ‘मासिक पाळी केव्हा आली होती?’ याला एका सुनेनं सासूकडं बघत, ‘बसून पाच दिवस झाले’ असं उत्तर दिलं आणि मी म्हटलं, ‘नाही, बसण्याचं नाही विचारत.’ मावशी पुन्हा धावून आल्या.

या मावशींना वॉर्डात कसलंही पद नाही. खाटा पुसणं, बेडपॅन नेणं, प्रेत झाकणं ही त्यांची कामं. पण पहिल्या वर्षाच्या पोरींना त्यांनी जेवढं शिकवलं तेवढ्याचे गुण विद्यापीठानं कुठं धरलेले नाहीत.

पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा तक्ता मिलिलिटरमध्ये भरायचा असतो. बाहेर आलेलं मोजता येतं, पिशवीवर आकडे असतात. पोटात गेलेलं सांगतात नातेवाईक: ‘तांब्याभर पाणी, दोन येळा चा, अन् वाटीभर पेज.’ मी आधी अंदाजे भरत होते. मग एका दुपारी सिंकपाशी मोजपात्र घेऊन उभी राहिले आणि वॉर्डात जे दिसेल ते भरून मोजलं. चहावाल्याचा कागदी कप काठोकाठ ७५, पण तो कुणी काठोकाठ देत नाही, ६० धरा. स्टीलचा पेला २२०. आजींच्या घरून आलेला तांब्या ९००. आमटीची वाटी १३०. ही यादी मी सुवाच्य लिहून ड्यूटी रूमच्या कपाटाला आतून चिकटवली. तीन दिवसांनी तिच्याखाली दुसऱ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘शहाळं – ३००, पण लहान असेल तर २००’. कुणी लिहिलं ते कळलं नाही. वर्षभरात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

नर्सिंगच्या इतिहासाच्या धड्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर पानंच्या पानं आहेत. क्रिमियाचं युद्ध, दिवा, १८५९चं पुस्तक. आणि त्याच धड्यात एक ओळ आहे की १८९१ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या. परीक्षेत दोन गुणांचं टिपण येतं, पहिल्या भारतीय नर्सपैकी म्हणून. मी ते लिहून आले. पण मला त्या बाईंबद्दल वेगळंच विचारायचं होतं. शिकवणारी मेम इंग्रजीत बोलणार, खाटेवरचा गिरणगावचा माणूस मराठीत. मधे उभ्या काशीबाई. ‘कसंतरी होतंय’चं त्यांनी मेमला काय सांगितलं असेल?

*

प्रात्यक्षिक परीक्षेत मला पाठीची काळजी आणि टीपीआर आलं, म्हणजे ताप, नाडी, श्वास. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी इंग्रजीत विचारलं, वेदनेची व्याख्या काय? अमेरिकन नर्स मार्गो मॅककॅफरीनं १९६८ मध्ये मांडलेली व्याख्या आम्हाला तोंडपाठ होती: ज्याला दुखतं तो जे सांगतो ती वेदना, तो म्हणतो तेव्हा ती असते. मी घडाघडा म्हटली. त्या ‘गुड’ म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. माझा पेशंट, चाळिशीचे काका, पालथे झोपलेले, उशीतून म्हणाले, ‘ताई, पास झाल्या का?’

वॉर्डातल्या शेवटच्या दिवशी दीड वाजता हँडओव्हर झाला. दोनच्या शिफ्टच्या सिस्टर आल्या होत्या, पण आमच्या सिस्टर घाईत नव्हत्या. मी त्यांना माझी वही दाखवली. त्यांनी पानं उलटली, दोन ठिकाणी माझा अर्थ दुरुस्त केला (‘कणकण’ म्हणजे ताप येण्याआधीची, ‘कसर’ म्हणजे उतरून राहिलेली, मी उलटं लिहिलं होतं). मग ड्रॉवरच्या तळातून त्यांनी एक लांबट डायरी काढली, पुठ्ठा सुटलेली. आत मल्याळम लिपी. ‘माझं पहिलं वर्ष इथलं,’ त्या म्हणाल्या आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेल्या: डोकं, कंबर, मुंग्या, मुका मार, हुळहुळतंय. मल्याळम अक्षरांतून मराठी ऐकायला गंमत वाटत होती. एका शब्दापुढं प्रश्नचिन्ह होतं आणि अर्थाची जागा कोरी.

‘हुरहूर,’ त्यांनी वाचलं. ‘टायफॉइडची पेशंट होती, तरणी मुलगी. तान्हं मूल गावाकडं ठेवून आलेली. मला म्हणाली, सिस्टर, हुरहूर लागलीय. मी पोट तपासलं. पोट मऊ. ताप घेतला. ताप नव्हता.’

‘पण आता तुम्हाला माहीत आहे ना अर्थ?’

‘अर्थ माहीत आहे गं. चार्टवर लिहायचं काय, ते सांग.’

मी विचार केला. ‘ते दुखणं नाही, सिस्टर. म्हणजे असतं, पण...’

‘कुठं?’

मी हात छातीशी नेला, मग जरा खाली आणला. ‘इथं. इथं कुठंतरी.’

‘आणि होतं कसं?’

मी काही बोलायच्या आतच त्या हसायला लागल्या, कारण माझ्या तोंडावर कुठला शब्द आला होता ते त्यांना दिसलं होतं. तेवढ्यात मावशींनी दारातून हाक मारली, अकरा नंबरचं सलाईन संपत आलंय. सिस्टरनी डायरी ड्रॉवरमध्ये टाकली आणि मला नवी बाटली घ्यायला सांगितली. १००० मिली, आठ तासांत, म्हणजे मिनिटाला बेचाळीस थेंब. त्यांनी बाटली टांगली, नळीची चाकी बोटानं जराशी फिरवली, आणि मी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून थेंब मोजायला उभी राहिले.